अपघाताचे स्थळ : सव

मुरारी उतेकर कचऱ्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून उभा होता आणि आम्ही तिघं चहा पीत त्याच्याकडे बघून हसत होतो. पहिली पाळी सुटून वीस मिनिटं झाली होती. माणसं बसने, मोटारसायकलींनी घरोघर निघाली होती आणि हा बाबा त्यांनी टाकलेले हातमोजे उपसत होता. स्वतःच्या हातात जाड काळे मोजे घालून एकेक टाकलेला मोजा उचलायचा, मनगटाकडून पीळ देऊन आत हवा कोंडायची आणि पाण्याच्या बादलीत दाबून बुडबुडे येतात का ते बघायचं. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं. लॅबमध्ये त्याला सगळे फुगेवाला म्हणायचे. ते नाव मी ठेवलं होतं आणि बराच काळ मला त्याचं कौतुकही होतं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी आहे. नाव सांगत नाही. तिची फुकट जाहिरात कशाला? लॅबमध्ये मी कागदपत्रं सांभाळतो. म्हणजे जे झालं नाही ते झालं असं लिहितो आणि जे झालं ते इस्त्री करून लिहितो. मुरारी लॅब अटेंडंट. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीतला, शिक्षण नववी, नोकरी चोवीस वर्षं. दर मार्चला सुरक्षा सप्ताह व्हायचा, साहेब लोक फीत कापायचे, आम्ही सगळे हात पुढे करून शपथ घ्यायचो आणि बटाटेवडे खाऊन मोकळे व्हायचो. ती शपथ खरी मानणारा इतक्या वर्षांत हा एकच निघाला.

"सायेब," तो म्हणाला, "ह्यो बगा."

पातळ निळ्या मोज्याच्या तर्जनीतून बुडबुड्यांची बारीक माळ निघत होती. टोकाला वाळल्यासारखा पांढरट डाग होता.

"एचएफवर आज कोन होता?"

हायड्रोफ्लोरिक ॲसिडला लॅबमध्ये एचएफ म्हणतात. बाकीची ॲसिडं प्रामाणिक असतात. अंगावर पडली की माणूस तिथल्या तिथे बोंब मारतो. हे तसलं नाही. आमच्या बाटलीतल्या ॲसिडचा थेंब बोटावर पडला तर कधी कधी दोन-चार तास काही कळतच नाही. तोवर ते कातडीतून आत उतरतं आणि हाडातल्या कॅल्शियमला धरतं. ठणका लागतो तेव्हा बोट जायच्या वाटेवर असतं. जास्त पडलं तर रक्तातलंही कॅल्शियम ओढून घेतं आणि काळीज बंद पाडतं. लगेच भरपूर थंड पाण्याने धुवायचं, कॅल्शियमचा जेल चोळत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. हे सगळं लॅबच्या भिंतीवर कागदात लिहून लावलेलं होतं. कागद मी टाइप केला होता. वाचला फक्त मुरारीने.

रजिस्टरमध्ये किशोरची सही होती. नाते गावचा किशोर, बी.एस्सी., दोन वर्षं कंत्राटावर. जाड मोजे घातले की मोबाईल चालत नाही म्हणून पातळ घालणाऱ्यांतला. मुरारीने त्याला फोन लावला. फोन बंद.

आमचे मॅनेजर रितेश सर केबिनमध्ये होते. त्यांनी मोजा बघितला नाही, मुरारीकडे बघितलं.

"त्याला लागलं असतं तर तो ओरडला असता ना, उतेकर?"

"ह्ये ॲसिड वरडू देत नाय, सायेब. माणूस घरी जातो, मंग कळतं."

"मग कळलं की तो फोन करेल. उगाच घबराट नको. पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे."

रितेश सर वाईट माणूस नव्हते. वाईट व्हायलाही अंगात थोडा दम लागतो. गेटवर एक फळा होता, 'अपघाताविना दिवस' असा, आणि त्यावर सहाशे अकरा आकडा होता. सरांची बढती त्या आकड्यावर अडकलेली होती आणि आकडा सांभाळण्याचा त्यांचा उपाय एकच होता, कुठेही वाकून न बघणं.

मुरारी बाहेर आला. प्रथमोपचाराच्या कपाटातून त्याने जेलच्या दोन ट्यूब काढल्या, नवे जाड मोजे घेतले आणि भिंतीवरचा कागद चिकटपट्टीसकट उपटला.

"गाडी हाय ना तुमची?"

मी गेलो ते माणुसकी म्हणून नाही. किशोर घरी टीव्ही बघत बसलेला असणार आणि मुरारीची फजिती मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. दुसऱ्या दिवशीच्या चहाला किस्सा झाला असता. गेटवर गोमाजी वॉचमनने पिशवी उघडून बघितली, हसला, वहीत नोंद केली आणि जाऊ दिलं.

नात्याला पोचलो तेव्हा किशोरची आई तुळजाबाई अंगणात आमसुलं वाळत घालत होती. कंपनीतली माणसं म्हटल्यावर तिने लगबगीने हात पुसले.

"किशोर कुटं हाय, मावशी?" मुरारीने विचारलं.

"त्याचा बोट ठणकाया लागला वो. दिसाया काय नाय, नुसता पांढरा पडलाय. फोन पन बंद करून टाकलान. मीच म्हनलं, सवला जा, गरम पान्यात हात धरून बस घटकाभर. माज्या भैनीची खरूज तितंच गेली."

मुरारीचा चेहरा उतरला. "किती येळ झाला?"

"झाला असंल अर्धा तास. का वो?"

"काय नाय, मावशी. औषद आनलंय," असं म्हणून तो गाडीवर बसलासुद्धा.

महाडजवळच्या सव गावातल्या झऱ्याचं गरम पाणी आमच्या मुलखात सगळ्यावर चालतं. खरूज, नायटा, सांधे, नवसाचं काही राहिलं असेल तर तेही. बी.एस्सी. झालेला माणूस ॲसिडचं बोट घेऊन तिथे जातो, हे ऐकून मला गाडी चालवता चालवता हसू येत होतं.

"हसू नका, सायेब," मुरारी मागून म्हणाला. "गरम पान्यानं वाडतंय त्ये. कातडी मोकळी व्हते, ॲसिड आनखी आत जातंय."

मग मी हसलो नाही. महाड गावातून गाडी काढताना पहिल्यांदा मला भीती वाटली.

किशोर कुंडाच्या पायरीवर बसला होता, उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात. शेजारी दोन म्हातारे गुडघे भिजवत त्याला सल्ला देत होते की हात काढू नको, आधी दुखतं आणि मग उतरतं. किशोरच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे झाले होते.

"मुरारीकाका, तुम्ही इथं कसे?"

"हात काड."

"पहिल्यांदा बरं वाटलं ओ. आता जरा जास्तीच..."

मुरारीने त्याची कॉलर धरून त्याला उठवला. म्हाताऱ्यांपैकी एकाने विचारलं, "कोन रे तू?" त्याला उत्तर द्यायला कोणी रिकामं नव्हतं. बाजूच्या घरातल्या बाईने थंड पाण्याच्या कळश्या आणून दिल्या. मी ओतत होतो आणि मुरारी किशोरचं बोट धारेखाली फिरवत होता. तर्जनीचं टोक राखेसारखं झालं होतं, नखाखाली निळसर. मग मोजे घालून त्याने जेल चोळायला सुरुवात केली आणि महाडच्या दवाखान्यापर्यंत, माझ्या गाडीवर तिघं बसलेलो असताना, तो चोळतच राहिला. मधल्या किशोरच्या रडण्याचा आवाज माझ्या मानेवर येत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोट बघून नर्सला भाजल्याचं मलम सांगितलं.

"मलम नको, सायेब. कॅल्शियम लागंल. टोचून," मुरारी म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"लॅब अटेंडंट."

डॉक्टरांच्या तोंडावर जे आलं ते मी रोज आरशात बघतो. पण मुरारीने कागद पुढे धरला आणि त्या डॉक्टरच्या मोठेपणाची गोष्ट अशी की त्याने तो उभ्या उभ्या पुरता वाचला. वाचून झाल्यावर मुंबईला फोन लावला. मग इंजेक्शनं झाली, छातीला वायरी लागल्या आणि मलमाचा विषय कोणी काढला नाही. नख काढावं लागलं. बोट राहिलं. दोन तास उशीर झाला असता तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी मला सांगितलं, मुरारीला सांगायची गरज पडली नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मला आमच्या कंपनीबद्दल चार बरे शब्द लिहिता आले असते.

तीन आठवड्यांनी रितेश सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दोन कागद करायचे होते. पहिला, किशोरचा जबाब. 'इजेचे स्वरूप : गरम पाण्याने भाजणे. अपघाताचे स्थळ : सव.' म्हणजे अपघात कंपनीबाहेर झाला, फळ्यावरचा आकडा जागच्या जागी. दुसरा, मुरारीला मेमो. परवानगी आणि गेटपास न घेता कंपनीचा माल, दोन ट्यूब, मोज्यांचा एक जोड आणि एक सूचनापत्र, बाहेर नेल्याबद्दल. गोमाजीच्या वहीतली नोंद पुरावा म्हणून जोडायची होती.

"सर, पण..." मी म्हणालो.

"भाषा जरा सौम्य ठेव," सर म्हणाले. "जुना माणूस आहे."

मी भाषा सौम्य ठेवली. दोन्ही कागद अर्ध्या तासात तयार केले, एकही चूक न करता. मला त्या दिवशी माझी किळस आली, आणि किळस येऊनही मी समासाची जागा नीट सोडली होती.

दुपारी किशोर आणि मुरारी दोघांना बोलावलं. मेमोवर साक्षीदाराची सही लागत होती. माल बाहेर गेल्याचं डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार, आणि सरांनी त्यासाठी किशोर निवडला होता. त्याचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. हे सरांनी त्याला सांगितलं नाही, फक्त नवीन कंत्राटाचा कागद टेबलावर तिसरा म्हणून ठेवला.

किशोरने जबाब वाचला. मेमो वाचला. मुरारीकडे बघायचं टाळत त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी खिडकीकडे बघितलं. आमच्यासारखी माणसं एकमेकांना अशीच मदत करतात.

"काका, आई एकटी हाय घरी," तो खाली मान घालून म्हणाला.

"मला ठाव हाय," मुरारी म्हणाला.

किशोरने पेन उचललं. बोटावरची पट्टी निघालेली होती. टोकाला नख नव्हतं, गुलाबी कातडी ताणून बसवल्यासारखी दिसत होती. त्याने पहिल्या कागदावर सही केली, मग दुसऱ्या. सर मोबाईलवर काहीतरी बघत होते.

मुरारी पुढे वाकला. मला वाटलं, आता हा बोलणार. चोवीस वर्षांचं सगळं एकदाचं बोलून टाकणार, आणि बोलावं असं मला मनापासून वाटत होतं, कारण मग मला बोलावं लागलं नसतं. पण त्याचं लक्ष कागदाकडे नव्हतंच. किशोर सही करत होता ते बोट तो बघत होता.

"मूठ आवळ बगू," तो म्हणाला.

किशोरने मूठ आवळली.

"सोड. परत आवळ."

किशोरने परत आवळली. चारही बोटं नीट मिटली. तर्जनी जरा उशिरा, पण मिटली.

"बरं झालं," मुरारी म्हणाला आणि त्याच्या हातातून पेन घेऊन त्याने मेमोवर आपली सही केली.