वांग्याने मोडलेला खंजीर

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खंजीर आहे. पाचोऱ्याच्या एका हौशी नाटकमंडळीच्या पेटीत राहतो. एका इंग्रजी शोकांतिकेच्या मराठी प्रयोगात मी आजवर एकोणीस वेळा राजाला मारले आहे. राजा झालेले झुलालआबा दर वेळी उठून आधी चहा मागतात.

गफूरभाई सुतारांनी मला सागाच्या तुकड्यातून घडवले आणि वर चंदेरी कागद चढवला. मंडळीचा रिवाज असा, की प्रयोगाआधी फोडलेल्या नारळाचा पहिला तुकडा सामान घडवणाऱ्याला द्यायचा. गफूरभाई तो लगेच खात नसत. चार जणांना दिसेल इतका वेळ हातात धरत.

एका हिवाळ्यात तालमीनंतर मळ्यात भरीत पार्टी झाली. राजाचा खून करणारा सरदार म्हणजे आमचे मोतीलालनाना. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळात वांगी भाजत होती, चिमटा सापडेना, तेव्हा नाना माझ्यानेच वांगी उलथू लागले. माझे टोक जळून तडकले. नानांनी इकडेतिकडे पाहिले, घरी नेऊन मला डिंक लावला, वर नवा कागद गुंडाळला. भरीत मात्र दोनदा घेतले होते.

धुळ्याच्या स्पर्धेत ऐन खुनाच्या वेळी टोक गळून राजाच्या छातीवर पडले. प्रेक्षक हसले, मेलेले आबाही हसले. टोक नानांनी झटकन खिशात घातले. बक्षीस गेले. सगळे म्हणाले, गफूरने कच्चे लाकूड वापरले. नानांनी मान हलवली. हो की नाही, ते कळू नये इतकीच. गफूरभाईंनी मला नवे टोक बसवून दिले आणि मंडळीत येणे सोडले.

पुढे सरदाराच्या पश्चात्तापाचा प्रवेश असा रंगू लागला, की लोक नानांना भेटायला आत येत. मला धरून नाना थरथरत. त्यात अभिनय किती, ते मला ठाऊक. तळहाताचा घाम मलाच लागे.

यंदा एका दुपारच्या प्रयोगाआधी अध्यक्ष मंजुळाबाईंनी नारळाचा पहिला तुकडा नानांपुढे धरला. गफूरभाई येत नाहीत, तर मान आता तुमचा, म्हणाल्या. नानांचा हात पुढे होईना. त्यांनी गफूरभाईंना दुकानातून बोलावून घेतले आणि साऱ्यांसमोर सांगितले, "टोक मी जाळलं होतं. वांगी उलथताना. नाव तुमचं गेलं, अन् मी गप बसलो."

केसांतला भुसा झटकत गफूरभाई म्हणाले, "नाना, दुरुस्तीच्या दिवशीच समजलं होतं. सागाला भरताचा वास येतो का?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर ती तक्रार झाली असती. बोलायचं तुम्ही होतं."

मंजुळाबाईंनी तुकडा गफूरभाईंच्या हातावर ठेवला. झुलालआबा हळूच म्हणाले, "मोतीलाल, आते तुना पश्चात्ताप पडी जाई."

आणि तो प्रवेश खरोखर पडला. त्या दुपारी सरदार इतका खुशीत होता, की प्रेक्षक जांभया देऊ लागले. खुनाच्या प्रवेशातही इतका हलका हात मी कधी अनुभवला नव्हता.

मित्रांनो, वापरातली वस्तू कधीतरी मोडतेच. पण डिंक लावण्याआधी, जिने किंवा ज्याने ती घडवली, त्या माणसाला खरे काय झाले ते सांगा. लाकडाचे काय करायचे, ते तो बघून घेईल.