ट्रम्पेटवाल्याचा दात

“फुंकायचं नाय म्हंजे अजिबातच नाय?”

खुर्चीत आडव्या पडलेल्या पोपटने तोंडातला कापूस जिभेने बाजूला सारत विचारलं. डॉक्टर मंजुषा हातमोजे काढत होत्या.

“अजिबात नाही, काका. कापूस दाबून धरा आधी. बोलू पण नका.”

पण पोपटला गप्प बसवणं कठीण होतं. कोपरखैरण्याच्या हौसेरावांच्या बँडमध्ये तो वीस वर्षं ट्रम्पेट वाजवत होता. लोक बँड ठरवायला आले की हौसेरावांना एकच प्रश्न विचारायचे, “पोपट असणार ना?” आणि आदल्या संध्याकाळी, तुळशीचं लग्न लागून सराई नुकती सुरू झालेली असताना, घणसोली गावातल्या एका वरातीत घोटाळा झाला होता. बोळ एवढा अरुंद की दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरच्या बायका एकमेकींना पानसुपारी देऊ शकतील. त्यात नवऱ्याचा मामा अंगात आल्यासारखा नाचत होता. त्याचं कोपर ट्रम्पेटच्या तोंडावर बसलं आणि ओठांना लावायची मागची पितळी वाटी पोपटच्या वरच्या पुढच्या दातावर आदळली. गाणं अर्ध्यात सोडायची त्याला सवय नव्हती. तोंडात रक्ताची चव घोळवत त्याने अंतरा पुरा केला आणि मगच मटकन ओट्यावर बसला.

सकाळी त्याची मुलगी संघप्रिया त्याला नेरूळला, नव्याने निघालेल्या दातांच्या कॉलेजात घेऊन आली. तिथे हाडात दात रोवायचं नवं काम सुरू झालं होतं आणि शिकवण्यासाठी त्यांना असे पेशंट हवेच होते. दाताचं मूळ आतपर्यंत फुटलेलं निघालं. दातच काढून टाकावा लागला.

“आता ही जागा भरून येऊ द्यायची,” डॉक्टर मंजुषांनी संघप्रियाला समजावलं. “तीन महिने. मग हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवू आणि वरून हिरडी शिवून टाकू. त्याला सहा महिने कुणी हात लावायचा नाही. हाड त्याला घट्ट धरून बसलं की मग वर दात.”

“भोक आज मोकळंच हाय की,” पोपट कापसातूनच बोलला. “आजच घाला ना स्क्रू.”

“काही ठिकाणी लगेच घालतात. पण तुमच्या दाताच्या पुढची हाडाची भिंतच फुटलीय. स्क्रूला पुढून आधार कुठंय?”

“आनि ट्रम्पेट तर पुढूनच दाबतो.”

“म्हणूनच म्हणते. नुसत्या चावण्याचं असतं तर एवढी काळजी नव्हती. रोज तासन्‌तास ती वाटी तिथे रेटली, तर स्क्रू आत हलत राहील आणि हाड धरणारच नाही.”

पोपटने कापूस दाबून धरला. सराई नसली की तो इमारतींवर सेंट्रिंगच्या कामाला जायचा. ओल्या स्लॅबखालचा टेकू घाईने काढला की काय होतं, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. बाईंचं म्हणणं त्याला पटलं. पटलं म्हणूनच जास्त वाईट वाटलं, कारण तिथल्या तिथे त्याने बोटांवर महिने मोजले होते. संघप्रियाचं आकाशशी लग्न मे महिन्यात ठरलं होतं.

* * *

दिसायला म्हणून कॉलेजने त्याला काढता-घालता येणारा एक दात करून दिला. फेब्रुवारीच्या शेवटी स्क्रू बसला. पोपटला वाटलं होतं तेवढं दुखलंही नाही. दुखलं ते दुसऱ्या दिवशी, हौसेरावांच्या दुकानात.

हौसेराव साताऱ्याकडचे, मिशा आणि पोट दोन्ही बँडमास्तरला शोभणारी. त्यांनी फळीवरून खुळखुळ्यांची जोडी काढून पोपटच्या पुढ्यात ठेवली.

“घे.”

“खुळखुळा? मी?”

“मंग काय घरात बसून भिंती मोजतोस? अरं, आठ म्हैनं बसून राहिलास तर पायबी विसरत्याल चालायचं.”

“मास्तर, लोक हसतील.”

“हसू दे की! लग्नात रडाया कोण बोलावतंय आपल्याला?”

पहिल्या दिवशी लोक खरोखरच हसले. बोनकोड्याच्या हळदीला एकाने ओरडून विचारलं, “ए पोपट, तुझी पिपानी कुठं गेली?” पोपटने उत्तरादाखल खुळखुळे त्याच्या कानापाशी नेऊन अशी काही गिरकी घेतली की तोच माणूस नाचायला उतरला. चौथ्या-पाचव्या लग्नापर्यंत खुळखुळेवाला पुढे आणि बाकीचा बँड मागे असं व्हायला लागलं. घरी येऊन तो बायकोला, चांगुणाबाईला, नवनव्या गोष्टी सांगू लागला.

“आज नवरीचा बाप बघितला. सारखा रुमालाची घडी घालत नि मोडत होता बिचारा. आनि एक म्हातारी, ऐंशीची असंल, व्हराड दारात आलं तशी खुर्चीवर बसल्या बसल्या नाचली.”

“तुमाला आत्ता दिसल्या म्हाताऱ्या?” चांगुणाबाई भाकरी थापताना म्हणाली. “वीस वर्सं काय करत व्हता?”

“डोळे मिटून वाजवायचो गं. गाल फुगले की डोळे आपसूक मिटतात.” जरा थांबून तो म्हणाला, “एवढी लग्नं केली, पन एक पन धड बघितलं नाय.”

पण मे जवळ येऊ लागला तसा तो घुमा झाला. लेकीच्या लग्नात आपण वाजवायचं हे त्याने ती पाळण्यात असल्यापासून ठरवलं होतं. संघप्रियाला ते कळत होतं. ऐरोलीच्या बालवाडीत ती शिकवायची. अबोल पोरांच्या मनातलं ओळखायची तिला सवय होती.

“बाबा, लग्न सप्टेंबरात करू,” एकदा ती म्हणाली. “आकाशला मी सांगते.”

“आनि जूनमधी त्याला कंपनी पुन्याला पाठवतेय, ते? नाय. माझ्या एका दातापायी तुमी दोघं दोन गावांत? येडी का काय!”

लग्नाला चार दिवस उरले होते. दुपारी घरात कुणी नाही असं पाहून त्याने पेटीतून ट्रम्पेट काढला, फडक्याने पुसला. त्याने स्वतःची समजूत घातली होती: एकच गाणं. हलक्याने. बाजूच्या दातांवर टेकवून. स्क्रूला कळणारसुद्धा नाही. त्याने वाटी ओठांना लावली आणि श्वास भरला, तेवढ्यात दार ढकलून संघप्रिया आत आली. हातात बांगड्यांचा खोका होता.

ती ओरडली नाही. खोका खाली ठेवून त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

“वाजवा.”

पोपटने ट्रम्पेट मांडीवर घेतला.

“वाजवा ना. पन सांगून ठेवते, लग्नात तुमी फुंकलात, तर मी हारच घालनार नाय. तशीच उभी राहीन मांडवात. आकाश बिचारा मान वाकवून वाकवून दमेल.”

पोपटला हसू फुटलं, आणि हसता हसताच त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

“तुला वाजवत सासरी धाडायचं होतं गं पोरी.”

“मला धाडताना तुमी बघा माझ्याकडं. बास.”

* * *

लग्न ऐरोलीच्या मैदानावरच्या मांडवात झालं. त्रिशरण-पंचशील झालं, हार पडले, फुलं पडली. पांढऱ्या साडीतली संघप्रिया हार घालताना एकदा बापाकडे बघून डोळे मोठे करून गेली आणि पोपट खुळखुळे हातात धरून मोठ्याने हसला. आकाशच्या मित्रांनी पोपटला खांद्यावर घेतलं, तेव्हा तो वरूनच खुळखुळत राहिला. नवरीचा बाप असा नाचताना त्या मैदानाने बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल.

मग पाठवणी आली. हौसेरावांनी बँडला हाताने गप्प केलं आणि स्वतः क्लॅरिनेट उचललं. पाठवणीचे सूर पोपट वाजवायचा तसे कुणाला जमत नव्हते, हौसेरावांनाही नाही. त्यांनी ते आपल्या पद्धतीने, जरा खालच्या पट्टीत धरले. ड्रम थांबले. या सुरांना खुळखुळा लागत नाही.

पोपटच्या हातांना काही कामच उरलं नाही. त्याने खुळखुळे खुर्चीवर ठेवले. संघप्रिया त्याच्यापाशी आली, तेव्हा त्याचे दोन्ही हात मोकळे होते. ते त्याने तिच्या डोक्यावरून, गालांवरून फिरवले. तिची नथ एका बाजूला कलली होती ती सरळ केली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला.

“रडताय व्हय?” चांगुणाबाईने स्वतःचे डोळे पुसत विचारलं.

“रडतोय ना. पन बघितलं, चांगुणा. समदं बघितलं.”

* * *

ऑगस्ट संपता संपता डॉक्टर मंजुषांनी हिरडी उघडली. एक्स-रेच्या फोटोत हाड छान दिसत होतं. मग त्यांनी एका हत्याराच्या मुठीने स्क्रूवर हलकेच टिचकी मारली. बाजूच्या खऱ्या दातावर मारली तेव्हा आवाज बसका आला होता. स्क्रूवर मात्र टण्‌ असा स्वच्छ आला.

पोपटचे डोळे चमकले. तोंड उघडं असल्याने त्याने बोटानेच खूण केली: पुन्हा.

डॉक्टरांनी पुन्हा वाजवलं.

“हाडानं धरलं की असाच आवाज येतो,” त्या म्हणाल्या. “नसतं धरलं, तर भद्द आला असता.”

“सुरात हाय, बाई,” तोंड मिटता येताच पोपट म्हणाला.

तरीही त्यांनी घाई केली नाही. हिरडी भरू दिली, आधी प्लास्टिकचा दात बसवला, मऊ खायला लावलं, मग पक्का दात घातला. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी त्या म्हणाल्या, “आणा उद्या तुमचं वाद्य. पहिल्यांदा माझ्यासमोर. आणि एकच गाणं.”

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईही आली. बँड नेहमी दुसऱ्यांच्या दारात वाजायचा. नवऱ्याला असं निवांत ऐकायची संधी तिला कधी मिळालीच नव्हती. ठेवणीतली जांभळी साडी नेसून ती कॉलेजच्या मागच्या आवारात बाकावर बसली.

पोपट बदामाच्या झाडाखाली उभा राहिला. पहिली फुंक नुसतीच हवा होऊन गेली. दुसरी चिरकली. ओठ सारं विसरले होते. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी बोटानेच खूण केली: पुन्हा. त्याने ओठ ओले केले, वाटी पुन्हा टेकवली, आणि तिसऱ्या फुंकीला सूर निघाला. आधी बारीक, मग भरत भरत गेलेला, दोन्ही मजल्यांच्या खिडक्यांतून आत शिरणारा.

खिडक्यांत पांढरे कोट दिसू लागले. गाल सुजलेले, तोंडात कापूस धरलेले पेशंट जिना उतरून आले. अर्धं तोंड बधिर झालेला एक रिक्षावाला गळणारी लाळ पुसत पुसत ठेका धरून नाचू लागला, आणि त्याला बघून बाकीचे दुखरे गाल धरून हसू लागले. डॉक्टर मंजुषा एकच गाणं म्हणाल्या होत्या; दुसरं सुरू झालं तेव्हा त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तो हात कोटाच्या खिशात घातला.

काठी टेकत एक म्हातारी बाकापाशी आली. गर्दीपलीकडचं तिला दिसत नव्हतं.

“कोन गं वाजवतंय, बाय?”

चांगुणाबाईने पदर सारखा केला.

“आमचं मानूस हाय,” ती म्हणाली, आणि म्हातारीला बसता यावं म्हणून बाकावर थोडी सरकली.