न फिरलेली फिरती मांडणी

मित्रांनो, या विश्वात जे जे थोर आहे, ते स्वतःभोवती फिरतं. पृथ्वी फिरते, चंद्र फिरतो, सूर्यसुद्धा फिरतो असं तुमच्या पुस्तकात छापलेलं आहे. त्याच थोर कुळातली मी. नागपुरात सक्करदऱ्याला, गिरिधरपंतांच्या स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या कोपऱ्यातल्या कपाटात बसवलेली मी एक जुनी फिरती मांडणी आहे. आमच्या कुळात फरक इतकाच की पृथ्वीला अजून कोणी पाचर मारलेली नाही.

माझा जन्म एका विंचवामुळे झाला. गिरिधरपंतांचा ओटा काटकोनात वळलेला होता, आणि जिथे तो वळत होता तिथे खाली एक खोल, काळोखा कोपरा तयार झाला होता. दार अरुंद, आत भुयार. स्वयंपाकघरात दुसरं कपाट नव्हतं, त्यामुळे चहा, साखर, गूळ, डाळी, सगळं त्या भुयारात. चौऱ्याहत्तरच्या वैशाखात गिरिधरपंतांच्या पत्नीने, सुमतीबाईंनी, गुळाच्या डब्यासाठी आत हात घातला आणि त्या हाताला विंचू चावला. हात कोपरापर्यंत सुजला. सूज उतरली, पण भीती उतरली नाही. त्यानंतर त्या आधी लाटणं घेऊन कोपऱ्यात ठकठक करायच्या, मग डोळे घट्ट मिटून हात आत घालायच्या. डोळे मिटल्याने विंचू कमी चावतो असं नाही, पण मिटायच्या.

गिरिधरपंतांनी हे एकदा पाहिलं. ते सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. त्यांनी काढलेले पूल अजून कुठे बांधले गेले नव्हते, पण नकाशे सुबक असत. ते बायकोला म्हणाले, "उद्यापासून तू हात घालायचा नाही. वस्तू तुझ्याकडे येईल."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. माझं सगळं आयुष्य या एका वाक्यात आहे.

माझा नकाशा त्यांनी मोठ्या कागदावर, तीन बाजूंनी काढला. मला घडवायला कुहीकडचे शालिकराम सुतार आले. त्यांनी अंगणात फळी टाकली, मधोमध खिळा ठोकला, खिळ्याला सुतळी बांधली, सुतळीच्या टोकाला पेन्सिल, आणि एका दमात गोल काढला. असे दोन गोल कापले, एक वरचा, एक खालचा. मध्ये नळाचा पाइप उभा केला. तळाशी सायकलच्या पुढच्या चाकातलं बेअरिंग बसवलं. डबे घसरू नयेत म्हणून कडेला पत्र्याची पट्टी मारली.

"हे फिरन का बाबूजी?" शालिकरामांनी विचारलं.

"नकाशात फिरतंय ना."

"नकाशात तं आमच्या गावचा रस्ता बी हाये."

पण मी फिरले. अगदी एका बोटाने फिरले. सुमतीबाई दाराशी बसल्या, भीत भीत माझ्या कडेला बोट लावलं, आणि काळोखातून साखरेचा डबा आपल्या पायांनी चालत आल्यासारखा त्यांच्यापुढे येऊन थांबला. त्या इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला. लाटणं त्या दिवसापासून पोळ्यांच्या कामाला लागलं.

शेजारपाजारच्या बायका मला पाहायला आल्या. प्रत्येकीने फिरवून पाहिलं. "बाई गं, सुमती, तुझं तर नशीबच फिरलं!" एक म्हणाली. मला वाटलं, आपल्या आयुष्याची ही सुरुवात आहे. तो मध्य होता. शेवटही फार लांब नव्हता.

गिरिधरपंतांच्या आई, यमुताई, तेव्हा अमरावतीला लेकीकडे गेल्या होत्या. आषाढ लागण्याआधी त्या परत आल्या, सोबत लोणच्याच्या बरण्या, सांडगे, कुरड्या आणि नैवेद्याच्या तुपाचा गडवा घेऊन. हे सगळं सोवळ्याचं. म्हणजे आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, मगच शिवायचं. यमुताईंनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. माझं कुठे ठेवू?"

गिरिधरपंतांपुढे पेच पडला. नकाशा काढणाऱ्या माणसाला पेच पडला की तो रेघ मारतो. त्यांनी लाल ऑइलपेंट आणला आणि माझ्या दोन्ही फळ्यांवर मधोमध सरळ रेघ ओढली. रेघेच्या इकडे आईचं सोवळ्याचं, तिकडे सुमतीचं रोजचं. रेघ अतिशय सरळ होती. ती वाळेपर्यंत ते तिच्याकडे बघत बसले होते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. मी फिरले की रेघही फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमतीबाई उठल्या. अजून आंघोळ व्हायची होती. चहाच्या डब्यासाठी त्यांनी मला बोट लावलं. चहाचा डबा इकडे आला, लोणच्याची बरणी तिकडे गेली. यमुताई जपमाळ घेऊन दारातच बसल्या होत्या.

"शिवलीस!"

"नाही हो आई, मी चहाच्या बाजूला हात लावला."

"मग बरणी काहून हलली वं? भुताने हलवली?"

गिरिधरपंत टॉवेल गुंडाळून धावत आले. "आई, तिने बरणीला हात नाही लावला. फळीला लावला."

"फळी एक की दोन?"

"एक."

"मग झालं तर. तू माझं बोट धरलंस तर मला शिवलास, की फक्त बोटाला?"

गिरिधरपंतांचं शिक्षण मॅट्रिकच्या पुढेही झालं होतं, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच वर्षाला नव्हतं. शेवटी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गुरुजींना बोलावलं. ते माझ्यासमोर उकिडवे बसले. मला एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवलं. मग चहा पिऊन निर्णय दिला, "मांडणी स्थिर असेल तर दोष नाही. फिरती असेल तर शास्त्रात उल्लेख सापडत नाही."

उल्लेख नसलेली गोष्ट आमच्या घरात राहू शकत नव्हती. शालिकरामांना पुन्हा बोलावणं गेलं. त्यांनी पाइपाच्या बुडाशी सागवानी पाचर ठेवली आणि गिरिधरपंतांकडे पाहिलं.

"ठोकू का बाबूजी? फिरवाले बी मीच, थांबवाले बी मीच. लोकं काय म्हणतीन मले?"

"ठोका," गिरिधरपंत म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते.

आता प्रश्न उरला, कोणती बाजू दाराकडे ठेवायची. यमुताईंना वाकवत नव्हतं. त्यामुळे सोवळ्याची बाजू पुढे आली. सुमतीबाईंचा चहा, साखर, गूळ, सगळं रेघेपलीकडे, मागच्या काळोखात गेलं. मित्रांनो, पूर्वी त्या नुसत्या काळोखात हात घालत होत्या. आता बरण्यांना स्पर्श न करता, त्यांच्या बाजूच्या फटीतून, खांद्यापर्यंत हात घालून काळोखात चाचपायचं होतं. लाटणं वाजवायचीही सोय राहिली नाही. लाटणं बरणीला लागलं असतं.

त्या संध्याकाळी नवराबायको ओट्याशी उभे होते. कपाटाचं दार उघडं होतं, त्यामुळे मला ऐकावं लागलं.

"तुम्ही म्हणाला होतात, वस्तू माझ्याकडे येईल."

"हळू बोल. आई ऐकेल."

"ऐकू द्या ना. एकदा तरी ऐकू द्या."

"अगं, आई आता किती दिवसांची?"

सुमतीबाई खाली बसल्या. फटीतून हात घातला, डोळे मिटले आणि चहाचा डबा काढला. गिरिधरपंतांनी तो चहा घेतला.

यमुताईंची तब्येत उत्तम होती.

वर्षं गेली. सुमतीबाईंनी भांडण केलं नाही, रडारड केली नाही. एक एक डबा बाहेर काढत गेल्या, इतकंच. चहा-साखर खिडकीच्या कठड्यावर गेली. गूळ खुंटीला टांगला. डाळी पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत गेल्या. वाकून, उठून, दुसऱ्या खोलीत जाऊन त्या स्वयंपाक करू लागल्या. त्यांच्या बाजूला माझ्यावर आता स्टोव्हच्या पिना, फुटके कप आणि गिरिधरपंतांचा वाळलेला ऑइलपेंट होता. मी रोज वाट पाहत असे, आज कोणी बोट लावेल. झुरळं यायची. तीही न फिरवता निघून जायची.

त्र्याऐंशी साली यमुताई गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर गिरिधरपंत एका रविवारी माझ्यासमोर मांडी घालून बसले. केस पांढरे झाले होते. हातोडीने ठोकून ठोकून त्यांनी पाचर काढली. बेअरिंगला गंज चढला होता. त्यांनी घासलेट ओतलं, मग शिलाई मशीनचं तेल घातलं, घामाने निथळेपर्यंत मला मागेपुढे हलवलं. अखेर मी कुरकुरत एक पूर्ण चक्कर घेतली. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"सुमती! अगं ये, पहा, फिरून राहिली! तूच फिरव."

सुमतीबाई पोळी लाटत होत्या. त्यांनी वळून पाहिलं. रागाने नाही. परक्याच्या घरातल्या वस्तूकडे पाहावं तसं.

"त्यात आता माझं काय आहे हो?" त्या म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली.

गिरिधरपंतांनी तेलाच्या बाटलीला झाकण लावलं. मग हात पुसून उठले.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. ज्या वस्तूची ज्याला आज गरज आहे, ती त्याला आजच वापरू द्या. घासलेट आणि मशीनचं तेल गंजाला लागू पडतं. माणसाची सवय एकदा मोडली की तिच्यावर ते चालत नाही. आणि कोणाला शब्द दिलात तर आई ऐकेल म्हणून तो हळू आवाजात परत घेऊ नका. आम्हा लाकडी वस्तूंना हळू आवाजही नीट ऐकू येतो.

मी अजून फिरू शकते. दारातून बोट लावायचीच खोटी आहे.

पुढच्या दिवाळीत घरात फ्रीज आला. तो ठेवायला स्वयंपाकघरात एकच जागा रिकामी होती, माझ्या दारासमोरची.