सोयरिकीचा बुधला

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बुधला आहे, आणि माणसांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. रुमानियाच्या डोंगरातल्या एका गावात तोआदेरच्या आज्याने मला अक्रोडाच्या लाकडातून कोरलं. पोट चपटं, तोंड लहान, खांद्याला अडकवायला चामडी पट्टा. माझ्यात आलुबुखाराची दारू भरून मुलाचा बाप मुलीच्या घरी जातो. तिच्या बापाने घोट घेतला की सोयरीक ठरली. मी भरलेला परत आलो की नकार. पुष्कळ लग्नं मी जुळवली, लोकांनी मला मिरवलं. पुढे पोरं शहरात परस्पर लग्नं उरकू लागली आणि मी माळ्यावर कोळ्यांच्या स्वाधीन झालो.

म्हणून तोआदेरच्या मुलाने, ग्रिगोरेने, एके दिवशी मला खाली काढून गरम पाण्याने आणि राखेने घासायला घेतलं, तेव्हाच मी ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

ग्रिगोरेचं मन ताबितावर जडलं होतं. ती सामुइलची मुलगी, आणि सामुइल बाप्तिस्त, म्हणजे मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या, दारू वर्ज्य मानणाऱ्या पंथातला. ग्रिगोरे जुन्या चर्चचा, लाकडी फळ्यांवरच्या संतांच्या चित्रांना ओठ लावणारा. ती त्यांना रंगवलेल्या फळ्या म्हणणारी. कुंपणापाशी दोघं तावातावाने भांडत आणि ते भांडण पुरं करायला पुन्हा भेटत.

"माझे बाबा दारूला शिवायचे नाहीत," ताबिता म्हणाली, "आणि त्यांनी घोट घेतल्याशिवाय तुझे बाबा ऐकायचे नाहीत."

"मी रस भरतो. तुझ्या बाबांना तेवढं कानात सांगतो. माझ्या बाबांना काय कळतंय?"

"खोट्यावर घर बांधायचं? मला नको."

"बरं, नाही करत," तो म्हणाला. आणि केलंच!

वाटेत तोआदेर कुरकुरत होता. "दारू न पिणाऱ्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही बघ. तू त्यांच्यात जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेणार नाहीस ना रे?"

दारात सामुइलने आम्हाला खालीवर न्याहाळलं. "मुलगी मागायला आलात की बाटवायला?"

ग्रिगोरे त्याच्या कानाशी लागला. "काका, नुसता सफरचंदाचा रस आहे." सामुइलने मला तोंडाला लावलं आणि लगेच थुंकला. मित्रांनो, जन्मभर दारू प्यायलेलं लाकूड एका धुण्याने सोवळं होतं का?

"दारू! मला फसवलंस!"

"का थुंकलात हो?" तोआदेरने मला हिसकावून घोट घेतला. "अरे, हा तर रस! कार्ट्या, गावात माझं नाक कापतोस?" त्याने माझा पट्टा खांद्याला अडकवला. मी त्या दारातून बाहेर पडलो असतो तर सगळं संपलं असतं.

ताबिताने मला ओढून घेतलं आणि स्वतः घोट घेतला. "रसच आहे, बाबा. वास जुन्या दारूचा आहे. तुम्ही दोघं खरं बोलताय. खोटं यानं केलं, मी नको म्हटलं असताना." ती ग्रिगोरेकडे वळली. "फळ्यांसमोर कबूल करतोस ना? आता माणसांसमोर कर."

ग्रिगोरे लालबुंद झाला. "मी भ्यालो. खरं सांगितलं तर दोघंही नाही म्हणाल असं वाटलं. हिला दिलेला शब्द मोडला. पण चित्रं मी सोडणार नाही, काका, आणि हिलाही नाही."

सामुइल मला घेऊन विहिरीवर गेला. मला वाटलं, आता बुडवतोय. त्याने रस ओतून टाकला, पाणी भरलं आणि मला आत आणलं. त्या पाण्यालाही माझा वास लागला होता, आणि हे त्याला ठाऊक होतं. त्याने डोळे मिटले आणि घोट गिळला.

"सोयरिकीला पाणी?" तोआदेर पुटपुटला. तरी प्यायला, मिशा पुसल्या आणि बाकावर बसला.

आता मी ताबिता आणि ग्रिगोरेच्या घरात, पाण्याने भरलेला, ओट्यावर असतो. रविवारी ती प्रार्थनाघरात जाते, तो चर्चमध्ये. परतल्यावर दोघं एकमेकांकडे संशयाने बघतात आणि मग जेवायला बसतात. मित्रांनो, लाकडी भांडं कोरडं पडू देऊ नका, तडकतं. त्याचा जुना वास काही जायचा नाही; तो सोसून पीत जा.