ऑर्विलचं सोनं आणि घडीच्या तीन खुर्च्या

मार्लिस हॉलेनबेक बासष्ट वर्षांची होती. तिचा एक गुडघा नकली होता, दुसरा अस्सल असून त्याहून वाईट होता, आणि वडिलांच्या लेखी ती अजूनही 'पोरं' या सदरात मोडत होती.

"ते सोनं पोरांसाठी आहे," ऑर्विल म्हणाला. कॅन्सस राज्य सुरू झाल्यापासून तो हेच म्हणत होता, आणि कॅन्सस हे फार लांबलचक राज्य आहे.

"पोरं म्हणजे कोण, डॅडी?"

"तू आणि डॅरिल."

"डॅरिलला नातू झालाय."

"मग? नातू झाला म्हणून पोरगा मोठा होतो का?"

मार्लिसने नजर रस्त्यावरच ठेवली. गाडी चालवायला लागणारी शक्ती ती जपून वापरत होती.

ऑर्विलने नेब्रास्कात आयुष्यभर धान्याच्या कोठारावर मका तोलला. निवृत्त होताना त्याने रेडिओवर ऐकलं की कागद जळतो, बँक बुडते, सोनं तेवढं पोरांपर्यंत पोचतं. त्याने निवृत्तीखात्यातली सगळी जमा उचलून सोन्याच्या विटांत घातली. विटा घरी ठेवायची सोय नव्हती. निवृत्तीखात्यातलं सोनं मालकाने घरी आणलं की ते खात्यातून काढलं असं सरकार धरतं आणि कराची मागणी करतं. म्हणून त्या टेक्सासात, एका तिजोरीघरात होत्या. ऑर्विलने त्या कधी पाहिल्या नव्हत्या. नेब्रास्कात तो हीटर बंद ठेवून, दोन स्वेटर चढवून, डब्यातलं सूप पीत श्रीमंत झाला होता.

मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि तिथून रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायची. आंघोळ, गोळ्या, सूप. मार्चमध्ये तो न्हाणीच्या टबात घसरला. तिला त्याला उचलता येईना, आणि उचलायला म्हणून ती आत उतरली तर तिलाही बाहेर येता येईना. शेजारी येईपर्यंत दोघं टबात समोरासमोर बसून यंदाच्या पावसाबद्दल बोलत होती.

आता गावातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. शुक्रवारपर्यंत ती राखून ठेवतो म्हणाले होते. थोडं सोनं विकलं असतं तर काम झालं असतं.

"पोरांच्या तोंडचं काढून मी आयता बसून खाऊ?" ऑर्विल म्हणाला होता.

"मीच तर ते पोर आहे. मीच म्हणतेय ना, खा."

"तुला कळत नाही. तू लहान आहेस."

फिनिक्सहून डॅरिलचा फोन आला होता. तो तिकडे पोहण्याच्या तलावांची झाकणं विकायचा. "डॅडींच्या इच्छेचा मान ठेव, मार्ली," तो म्हणाला. मान ठेवणं त्याला फिनिक्सहून छान जमायचं.

शेवटी ऑर्विल म्हणाला, "एकदा डोळ्यांनी बघू दे. मग सांगतो." आणि गुरुवारी ती दोघं टेक्सासात येऊन पोचली, एका टायरच्या दुकानाच्या आणि एका चर्चच्या मधे असलेल्या, एकही खिडकी नसलेल्या इमारतीपाशी.

काचेमागे एक मिशाळ पहारेकरी बसला होता.

"माझं सोनं बघायचंय," ऑर्विल म्हणाला.

"बघता येत नाही, सर."

"अरे, माझंच आहे."

"म्हणूनच तर अडचण आहे, सर. दुसऱ्याचं असतं तर तुम्ही मागितलंच नसतं."

"हात नाही लावणार. लांबून बघतो."

"आम्हीसुद्धा बघत नाही, सर. आम्ही दार बघतो." मग त्याला दया आली. "तिथे टेबलावर एक वीट ठेवलीय. फोटो काढता येतो."

ऑर्विलने वीट दोन्ही हातांत घेतली. "हलकी आहे."

"लाकडाची आहे, सर."

मार्लिसने फोटो काढला. त्यात ऑर्विल असा दिसत होता, जणू कुणीतरी परकं तान्हं मूल त्याच्या हातात देऊन निघून गेलंय.

"लोक सहसा मागच्या बाजूला बसतात," पहारेकरी म्हणाला.

मागच्या बाजूला गाड्या लावायची जागा होती, आणि तिथे दहाबारा म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्यांवर, पायाशी बर्फाच्या पेट्या घेऊन, फुटबॉलची मॅच बघावी तशी भिंतीकडे तोंड करून बसली होती. भिंतीवर काहीच चाललेलं नव्हतं. एक कबूतर होतं, तेही बसलेलंच.

"तुमचं कुठल्या बाजूला?" एका बाईंनी विचारलं. त्यांचं नाव बर्नाडीन क्रूप्का. त्यांनी न विचारताच बटाट्याच्या सॅलडच्या दोन प्लेटी भरल्या होत्या.

"काही कल्पना नाही," ऑर्विल म्हणाला.

"मग मधे बसा. मधे बसलं की फार चुकत नाही. आमचं त्या पाइपच्या डावीकडे. दरवर्षी येतो आम्ही."

"कुणासाठी ठेवलंय?"

"पोरासाठी. तो काय, गाडीत."

गाडीत सत्तरीला टेकलेला एक टकला माणूस मानेला पट्टा लावून आडवा पडला होता. त्याने मार्लिसकडे बघून मान हलवायचा प्रयत्न केला, पट्ट्याने हलू दिली नाही, मग भुवया हलवल्या. तिनेही हलवल्या. एकाच पाळीवरचे दोन कामगार भेटावेत तसं झालं.

मार्लिसने डिकीतून खुर्च्या काढल्या. ऑर्विलने तीन आणायला लावल्या होत्या. तिसरी डॅरिलची, त्याच्या शाळेच्या दिवसांतली, पाठीवर त्याचं नाव लिहिलेली. "त्याचंही अर्धं आहे आत," ऑर्विल म्हणाला होता. तिने तीही मांडली. मग स्वतः बसली, सॅलडचा एक घास खाल्ला, आणि चमचा हातात धरून झोपली.

जाग आली तेव्हा भिंतीची सावली तिच्या पायांपर्यंत आली होती. तिच्या गुडघ्यांवर ऑर्विलचं जाकीट होतं. स्वतःचा कप सांडणारा ऑर्विल तिची प्लेट दोन्ही हातांनी धरून बसला होता, आणि त्यातलं काही सांडलं नव्हतं.

"तू घोरतेस," तो म्हणाला.

"उठवायचं ना मला."

"तुझी आई अशी झोपायची. बसल्या बसल्या. पण ती म्हातारी झाल्यावर." तो तिच्याकडे बघत राहिला. भिंतीकडे बघत होता तसाच, आत काय असेल याचा अंदाज घेत. "तू किती वर्षांची आहेस?"

"बासष्ट."

"कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून."

ऑर्विलने थोडा विचार केला. "सांगायचंस तरी."

कबूतर उडालं. तीनचार म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि परत भिंतीकडे पाहिलं.

"त्या सोन्याच्या कंपनीला फोन लाव," ऑर्विल म्हणाला.

बराच वेळ फोनवर संगीत वाजलं. मग एक मुलगी आली. तिने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, ती ऐकून म्हणाली, अरे वा. किती विकायचं ते ऑर्विलने सांगितलं. खोलीपुरतं, वर थोडं.

"एक विचारावंच लागतं, सर," मुलगी म्हणाली. "हे सोनं मुलांना देण्यासाठी ठेवलंय अशी इथे नोंद आहे. विचार बदललाय का?"

"नाही. पोर इथंच बसलीय. तिलाच देतोय."

"म्हणजे पैसे त्यांच्या नावावर करायचे?"

"पैसे वृद्धाश्रमाला. तिला संध्याकाळी."

"आज संध्याकाळी, सर?"

"रोजच्या. तिच्या तिला परत."

पलीकडे बटणं वाजली, थांबली. "त्यासाठी वेगळा रकाना नाहीये, सर. मी 'इतर' मध्ये टाकते."

"टाक."

मार्लिसने लगेच वृद्धाश्रमाला फोन करून खोली पक्की केली. मग दोन खुर्च्यांची घडी घातली. तिसरीला हात लावला तसा ऑर्विल म्हणाला, "ती राहू दे. डॅरिलचं अजून आत आहे."

बर्नाडीनबाईंनी त्या खुर्चीवर आपली बर्फाची पेटी ठेवली. मार्लिसने वडिलांना हाताला धरून गाडीत बसवलं, पट्टा लावून दिला, आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसून थोडा वेळ किल्ली न फिरवता तशीच बसून राहिली. पुढे अख्खं कॅन्सस होतं.