सावलीनं विझत नाही

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक घागर डोळ्यांसमोर आणा. पाण्याची नव्हे, घराएवढी घागर. ती गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली आहे. तोंड इतकं अरुंद की एक माणूस अंग चोरून खाली उतरेल, आणि पोट इतकं मोठं की तुमचा सगळा वर्ग आत मांडी घालून बसेल. आता ती हळदीनं भरा. तोंडावर फरशी ठेवा, वरून माती लोटा आणि काही महिने तिला विसरून जा.

सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खणलेल्या अशा घागरींना पेव म्हणतात. आता तुमच्या पेवाची फरशी काढा. आत काय आहे? हळद, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण आणखी काय आहे?

चौऱ्याहत्तर साली बनू नावाच्या मुलीला हाच प्रश्न पडला. ती सहावीत होती. शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि विज्ञानाचा पहिला धडा हवेचा होता. आप्पासो गुरुजींनी टेबलावर ताटली ठेवली, तिच्यात मेणबत्ती उभी केली, पेटवली आणि वर काचेचा गिलास पालथा घातला. ज्योत आधी पिवळी झाली, मग बारीक, मग नुसता धूर.

"का विझली?"

"गुर्जी, घाबरली!" मागून सिद्धू ओरडला.

"तुला घालू का रं गिलासाखाली?"

वर्ग हसला. गुरुजींनी हसून घेतलं आणि म्हणाले, "जळायला हवा लागते. गिलासातली चांगली हवा संपली, ज्योत गेली. आणि लक्षात ठेवा, जी हवा दिव्याला लागते तीच आपल्याला लागते. जिथं दिवा जळत नाही तिथं माणूसही जगत नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. बनूनं हलवली नाही. ती उभी राहिली.

"गुर्जी, दिव्यावर बाईची सावली पडली तर विझतो?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. गुरुजी मात्र हसले नाहीत. केरबाची ही लेक का विचारते आहे, हे त्यांना कळलं. त्यांनी मेणबत्ती पुन्हा पेटवून खिडकीच्या उन्हात ठेवली आणि बनूला म्हणाले, "ये. तूच बघ."

बनू उन्हाच्या आड उभी राहिली. तिची सावली ज्योतीवर पडली. ज्योत जळत राहिली.

केरबा तिचा बाप. मागच्या थंडीत तो पेवात उतरला आणि वर आला नाही. पेव फोडलं की आधी ते उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, कंदील तेवत राहिला तरच माणसानं उतरायचं, ही तिथली जुनी रीत. आणखीही एक रीत होती. पेवावर नारळ फुटल्याशिवाय बाईमाणसानं जवळ यायचं नाही. त्या दिवशी बनूची आई, सुलाबाई, भाकरी घेऊन आली ती नारळाच्या आधी. तोंडाशी वाकून तिनं आत बघितलं. मग केरबा उतरला.

लोकांनी त्यातली दुसरी रीतच लक्षात ठेवली. सुलाबाईची सावली पेवात पडली आणि पेवानं नवरा घेतला, असं सासूनं, भामाबाईनं, मर्तिकाच्या दिवशीच सांगितलं. तेव्हापासून सुलाबाई गोठ्याशेजारच्या पडवीत राहायची. चूल वेगळी. हळदीच्या कामावर तिला कुणी बोलवत नसे. पेवावरची माणसं घरी आली की ती सावलीसकट आत सरकायची. तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आणि येत्या रविवारी औंधाहून मामा येऊन तिला कायमची घेऊन जाणार होता. बनू मात्र इथंच राहणार होती. म्हातारीनं तसं ठरवूनच टाकलं होतं.

त्या दिवशी बनू शाळेतून धावतच घरी आली. पावसानं उघडीप दिली होती, अंगणात तिरकं ऊन होतं. घरात काचेचा एकच गिलास होता, तिच्या चुलत्याचा, चहाचा. तो तिनं उचलला, कोनाड्यातलं मेणबत्तीचं थोटूक घेतलं आणि आजीपुढं बसली.

"आजे, हिकडं बघ."

"आगं, त्यो तात्याचा गिलास हाय! फोडशील!"

"न्हाई फोडत. बघ तर."

तिनं मेणबत्ती पेटवली, आधी दारातल्या उन्हात उभं राहून ज्योतीवर सावली पाडून दाखवली. मग गिलास पालथा घातला. भामाबाई तांदूळ निवडायची थांबली. ज्योत बारीक झाली, विझली, धूर काचेला चिकटला.

"आये न्हवं, आजे. हवा हुती. आत वाईट हवा हुती. कंदील सोडला आस्ता तर विझला आस्ता, आन् आबा उतरलंच नसतं."

 म्हातारीची नजर वर गेली. बनूनंही तिकडं बघितलं. खुंटीला कंदील टांगलेला होता.

आणि बनूला बाप गेला त्या दिवसाची सकाळ आठवली. शाळेला निघताना तिनं पाटी त्याच खुंटीखालून काढली होती. कंदील डोक्याला लागला होता आणि हलत राहिला होता. बाप आणि चुलता तोवर पेवावर पोचलेले होते. पेवावरचा मुकादम तिचा चुलता नाथाजी. कंदील न्यायचं काम त्याचं.

"आजे, कंदील त्या दिशी घरात हुता."

"गप."

"तुला ठावं हुतं?"

भामाबाईनं सूप बाजूला केलं. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला. "गाड्या उभ्या हुत्या. व्यापारी वरडत हुता. माघारी यायला येळ न्हवता त्याला. त्यानं काय मुद्दाम केलं का? भाऊ हुता त्येचा."

"मग तू आयेचं नाव का घेतलंस?"

"कुनाचं घिऊ मग?" म्हातारीचे डोळे कोरडे होते. "दोन पोरं हुती मला. एक गेला. दुसऱ्याला लोकांच्या तोंडी दिऊ? त्याला पेवावर कोन उभं करंल? तू खातीस ती भाकरी कुनाची हाय?"

"आन् आये?"

"ती परक्याची लेक. तिला माघारी जायला घर तरी हाय."

 आजी वाईट नव्हती. रोज झोपताना तिच्या डोक्याला तेल लावायची. त्याच हातांनी तिनं हे केलं होतं.

"गिलास ठिव जाग्यावर," भामाबाई हळू म्हणाली. "शाळंतलं शाळंत ठेवायचं आसतंय, पोरी. हे कुनाला दावू नगंस."

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली.

"आये, च्या टाक गं! चार मानसं हायती!" नाथाजीचा आवाज आला. मागून पेवावरची माणसं आली, पायऱ्यांवर टेकली. कुणी तंबाखू मळायला लागलं, कुणी म्हणालं, "मुकादम, आज तरी साकर घाला, परवाचा च्या म्हंजी नदीचं पानी हुतं." सगळे हसले. नाथाजीही हसला.

पडवीत सुलाबाई लुगडं सावरून उठली. उन्हानं तिची सावली लांब पडली होती, थेट पायऱ्यांच्या दिशेनं. ती घाईनं आत सरकू लागली.

बनूनं खुंटीवरचा कंदील काढला. ताटली, मेणबत्ती, काडेपेटी आणि गिलास घेतला.

"बने!" आजी म्हणाली. फक्त एवढंच.

बनूनं उंबरा ओलांडला. अंगणाच्या मधोमध, माणसांच्या समोर, तिनं ताटली ठेवली. शेजारी कंदील ठेवला. तो बघून नाथाजीचा तंबाखूचा हात थांबला.

"आता हे काय गं, शाळा मांडलीस का?" एक जण म्हणाला.

बनूनं मेणबत्ती पेटवली. मग ती पडवीत गेली, आईचा हात धरला आणि ओढत तिला बाहेर आणलं. सुलाबाई हात सोडवत होती, "आगं नगं, मानसं हायती, नगं," म्हणत होती. बनूनं सोडलं नाही. तिनं आईला उन्हाकडं पाठ करून उभं केलं, अशी की तिची सावली सरळ ज्योतीवर पडावी.

माणसं दचकून मागं सरली. ज्योत जळत राहिली.

मग बनू ताटलीशी बसली. तिनं वर, नाथाजीकडं बघितलं आणि त्याचा गिलास हातात घेतला.