माझ्यावर शनिवार चालत नाही

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, हे त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततात, मेणात एकेक दात बसवतात आणि मग कुणाचे तरी आजोबा पुन्हा चावायला लागतात. काम नाजूक, जबाबदारीचं. असं काम करणारा माणूस घरातही शहाण्यासारखा वागत असेल, असा लोकांचा समज असतो. मीही त्याच समजावर लग्न केलं.

रविवारी दुपारी ह्यांच्या कामाच्या खोलीत सभा भरते. सभेला हे, समोरचा औषधवाला आणि लिफ्ट दुरुस्त करणारे एक अबोल गृहस्थ. तिघांच्याही डोक्यावर काळे केस शोधावे लागतात. विषय एकच: सर्वग्रासला कोण हरवेल?

सर्वग्रास हा चित्रकथांमधला खलनायक. ह्यांच्या लहानपणापासून दोन कंपन्यांच्या चित्रकथा निघायच्या. एकीचा नायक वज्रमूठ, तो डोंगर फोडतो. दुसरीचा काजवा, तो चमकतो. याहून जास्त तो काय करतो हे औषधवाल्याने मला अनेकदा समजावलं आहे, पण माझ्या डोक्यात अजून उजेड पडलेला नाही. आमची लेक पाळण्यात असताना दोन्ही कंपन्यांना एकदा एकत्र यायची बुद्धी झाली आणि त्यांनी दोघांना मिळून एकच शत्रू दिला. समोरच्याची ताकद गिळून टाकणारा हा सर्वग्रास. पहिला अंक निघाला. दुसरा निघण्याआधी कंपन्याच एकमेकींच्या उरावर बसल्या आणि सगळं बंद पडलं. म्हणजे सर्वग्रास तेव्हापासून मोकाट आहे आणि त्याच्यापायी दर रविवारी माझं लिटरभर दूध संपतं.

त्या एकुलत्या एका अंकात शेवटच्या पानावर सर्वग्रास दोन्ही नायकांसमोर उभा राहून गरजतो, “मूर्खांनो! माझ्यावर शनिवार चालत नाही!”

या वाक्यावर तीन जाणत्या पुरुषांचं आयुष्य गेलं आहे. ह्यांच्या मते अर्थ स्पष्ट आहे: शनिवारी सर्वग्रासचं काही चालत नाही, तेव्हा वज्रमुठीने शनिवारी गाठावं. औषधवाला म्हणतो, छे, गोळी लागू पडत नाही तसा शनिवार त्याला लागू पडत नाही. म्हणजे शनिवार सोडून कधीही या, आणि काजव्याला पाठवा. लिफ्टवाल्यांचं मत असं की शनिवारी त्याला सुट्टी असावी. बाजू पटवताना हे टेबलावर प्लास्टरचे जबडे मांडतात. खालचा जबडा वज्रमूठ, वरचा सर्वग्रास. मी एकदा झाडताना सर्वग्रासला चुकून दुसऱ्या कपाटात ठेवलं, तर दोन दिवस माझ्याशी अबोला.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी घेते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात. त्यामुळे घरचं हे खूळ मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझा सख्खा भाऊ एकदा या सभेत येऊन बसला आणि म्हणाला, “दाजी, चित्रातल्या माणसांवरून काय डोकं फोडता?” ह्यांनी त्याला चहा पूर्ण पिऊ दिला, मग स्वतःचा कप शांतपणे खाली ठेवला आणि त्याला दार दाखवलं. त्यानंतर आजपर्यंत त्याने आमचा उंबरा ओलांडलेला नाही. मला भाऊ एकच आहे. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

म्हणून लेकीने जेव्हा सांगितलं की तिने मुलगा पसंत केलाय आणि रविवारी तो आईला घेऊन येतोय, तेव्हा मला आधी भाऊ आठवला. मुलगा कानाची यंत्रं बसवतो. सालस, शांत, ऐकून घेणारा. हे म्हणाले, “मुलगा बरा दिसतो. पण माणूस कळतो तो सर्वग्रासवर.”

“बाबा, तुम्ही त्याला ते विचारणार नाही,” लेक म्हणाली.

“मी फक्त त्याचं मत घेणार.”

लेकीने मग त्या मुलाला पढवून ठेवलं. काहीही विचारलं तर ‘वज्रमूठ’ म्हणायचं. लग्न लागेपर्यंत त्याला दुसरं मत नाही.

रविवारी मायलेक वेळेवर आले. मुलाची आई बारीक चणीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. मुलगा लहान असताना नवरा गेला, कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसून याला वाढवलं, एवढं आम्हाला लेकीकडून कळलं होतं. मी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवत होते, पण ह्यांनी सगळ्यांना थेट कामाच्या खोलीत नेलं. तिथे औषधवाला आणि लिफ्टवाले आधीच येऊन बसले होते. योगायोगाने, असं त्यांचं म्हणणं.

चहा आला. नोकरी, घर, तब्येती झाल्या. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ह्यांनी बशी बाजूला सारली.

“सर्वग्रासला कोण हरवेल?”

“वज्रमूठ,” मुलगा म्हणाला. विचार करायलाही थांबला नाही.

ह्यांचा चेहरा असा खुलला की मी मनात हॉल ठरवून टाकला. मग हे म्हणाले, “कोणत्या वारी?”

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. वार पढवायचा राहून गेला होता.

“रविवारी?” मुलगा म्हणाला. “म्हणजे... सगळ्यांना सोयीचं पडतं.”

औषधवाल्याने मांडीवर थाप मारली. “शनिवार सोडून! माझ्या बाजूचा निघाला!”

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ज्या शांतपणे माझ्या भावाच्या वेळी ठेवला होता, अगदी त्याच शांतपणे. लेकीचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, एखादा जबडा उचलून ह्यांच्या डोक्यात घालावा. एकुलत्या एका पोरीचं सुख, आणि ते अडलं कशावर, तर वारावर!

“वाचलेलं दिसत नाही तुम्ही,” हे मुलाला म्हणाले. मग उठून कपाटातून तो अंक काढला, शेवटचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवला. “वाचा. मोठ्याने वाचा.”

मुलगा पुढे वाकला. पण त्याच्या आधी त्याच्या आईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पान स्वतःकडे ओढलं. त्यांनी ती ओळ वाचली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“हे शनिवार नाहीये,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?” ह्यांनी विचारलं.

“शस्त्रवार. ‘माझ्यावर शस्त्रवार चालत नाही.’ शस्त्राचा वार. अक्षरं जुळवणाऱ्याने शनिवार जुळवलं आणि माझ्या नजरेतून सुटलं.” त्यांनी श्वास घेतला. “प्रूफं मी तपासायची. त्या छापखान्यात.”

लिफ्टवाल्यांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं, त्यांनी तेही पडू दिलं.

“आई, तू कधी बोलली नाहीस,” मुलगा म्हणाला.

“काय बोलायचं त्यात? अंक बाजारात गेला, कुणीतरी मालकांना दाखवलं. ते सगळ्यांदेखत म्हणाले, बाईला वारसुद्धा कळत नाहीत. उद्यापासून येऊ नका म्हणाले. तुझे बाबा नुकतेच गेले होते. परत कुठल्या छापखान्याची पायरी चढायची हिंमत झाली नाही. गल्ल्यावर पैसे मोजण्यात चूक झाली तरी ती निदान छापून येत नाही.”

मला त्या बाईची दया आली आणि ह्यांची भीती वाटली. ह्यांची सगळी हयात त्या शनिवारवर उभी होती. औषधवाल्याचीही. आता दोघं मिळून या बाईला काय बोलतील याचा नेम नव्हता. मी उठून मध्ये जाणार होते.

ह्यांनी वाकून ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “तुमचं चुकतंय.”

“माझंच चुकलं, तेच सांगतेय मी.”

“तसं नाही. आत्ता चुकतंय. शस्त्रवार म्हटलं तर त्यात काय राहिलं? प्रत्येक खलनायक तेच म्हणतो. माझ्यावर तलवार चालत नाही, बंदूक चालत नाही. कोण लक्षात ठेवतं?” ह्यांचा आवाज चढला. “सबंध अंकात वाचण्यासारखी ओळ ही एकच आहे! पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून वाचतोय मी! तुमच्या त्या मालकाला अक्कल नव्हती.”

“अजिबात नव्हती,” औषधवाला म्हणाला. ह्यांचं आणि औषधवाल्याचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

“छापलंय ते खरं,” लिफ्टवाले म्हणाले. हे त्यांचं त्या महिन्यातलं वाक्य असावं.

“पण ती चूक आहे हो,” बाई कळवळून म्हणाल्या. “इतकी वर्षं ती सलतेय मला. डोळ्यांसमोर तशीच कशी राहू द्यायची?”

बोलता बोलता त्यांचा हात आपसूक टेबलावर गेला. हे दातांवर खुणा करतात ती पेन्सिल तिथे पडली होती. त्यांनी ती उचलली, टोक बघितलं आणि पानावर वाकल्या. जुनी सवय हो, दुसरं काय. टोक ‘शनिवार’वर टेकणार, एवढ्यात ह्यांनी आपला प्लास्टरने खरखरीत झालेला पंजा त्या ओळीवर पालथा घातला.

“हात लावायचा नाही, विहीणबाई,” हे म्हणाले. “सांगून ठेवतो.”

आपण काय बोलून बसलो हे ह्यांच्या ध्यानातही आलं नाही. लेकीच्या मात्र आलं. ती तोंडावर हात दाबून रडायला लागली. विहीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढला, आणि खोलीतल्या सगळ्या जबड्यांसमोर खळखळून हसल्या.